गर्भवतीचा मधुमेह आणि तोंडाने घ्यायची गोळी

अध्यक्ष महोदय, संयोजक मंडळी आणि श्रोतेहो,

पत्रिकेवर आजचा विषय ‘गरोदरपणातील मधुमेहाला गोळी चालते का?’ असा छापला आहे. उत्तर एका वाक्यात देता येण्यासारखे आहे. एक गोळी (ग्लायबेनक्लामाइड) देऊ नये, दुसरी (मेटफॉर्मिन) देता येते, आणि जी देता येते ती लिहून देण्यापूर्वी आपल्याकडच्या बायकांच्या संदर्भात काही प्रश्न विचारले गेले पाहिजेत. हे मी आरंभीच सांगून टाकतो, कारण वक्त्याने मुख्य मुद्दा शेवटासाठी राखून ठेवला की तो आभारप्रदर्शनाच्या पोटात जातो, असा या व्यासपीठाचा जुना अनुभव आहे.

मधुमेह म्हणजे काय, हे या सभागृहाला समजावणे आगाऊपणाचे होईल. मघाशी चहाच्या वेळी ‘यातला बिनसाखरेचा कोणता?’ हा प्रश्न इतक्या जणांनी विचारला की चहावाल्याला साखरेचाच चहा वेगळा ठेवावा लागला. गरोदरपणातल्या मधुमेहाविषयी मात्र चार वाक्ये बोलावी लागतील. गर्भ वाढू लागला की वारेतून, म्हणजे प्लॅसेंटातून, स्रवणाऱ्या संप्रेरकांमुळे आईच्या इन्सुलिनचा प्रभाव कमी होत जातो. बहुतेक स्त्रियांचे स्वादुपिंड जास्त इन्सुलिन तयार करून ही तूट भरून काढते; ज्यांचे भरून काढू शकत नाही, त्यांची साखर विशेषतः सहाव्या महिन्यानंतर वाढते. ती वाढलेली साखर वार ओलांडून बाळाकडे जाते, आईचे इन्सुलिन मात्र जात नाही. मग बाळाचे कोवळे स्वादुपिंड स्वतःचे इन्सुलिन वाढवते, आणि गर्भात इन्सुलिन हे वाढीचे संप्रेरक असल्यामुळे बाळ चरबीने भरते, खांदे रुंद होतात, प्रसूती अवघड होते. जन्मानंतर नाळ कापली की साखरेचा पुरवठा एकदम थांबतो, इन्सुलिन मात्र उसळलेलेच राहते, आणि बाळाची साखर धाडकन खाली येते. कोपनहेगनच्या योर्गेन पेडरसन यांनी १९५० च्या दशकात मांडलेली ही कार्यकारणाची साखळी कृपया लक्षात ठेवावी. पुढची सारी हकिगत तिच्यावरच उभी आहे.

उपचाराने फरक पडतो का, ही शंका २००५ मध्ये बऱ्याच अंशी मिटली. ऑस्ट्रेलियात हजार स्त्रियांवर झालेल्या अभ्यासात उपचार घेणाऱ्यांच्या बाळांमधील गंभीर गुंतागुंतीचे प्रमाण ४ टक्क्यांवरून १ टक्क्यावर आले. उपचार म्हणजे प्रथम आहार आणि चालणे, आणि बहुसंख्य स्त्रियांना तेवढे पुरते. अर्थात आपल्याकडे ‘दोन जिवांची आहेस, दोघांचे खा’ असा आग्रह करून सकाळी डिंकाचा लाडू, दुपारी शिरा आणि संध्याकाळी पुन्हा ‘काही खाल्लेच नाहीस’ असे म्हणणारी प्रेमळ माणसे घरोघरी असल्यामुळे, आहारतज्ज्ञाचा कागद फ्रिजच्या दारावर चुंबकाने लागतो आणि तिथेच राहतो. आहाराने साखर आटोक्यात न आलेल्यांसाठी मात्र औषध लागते, आणि तिथे ‘सुई की गोळी’ हा प्रश्न उभा राहतो.

आता माझी एक जुनी तक्रार. ती विषयाबाहेरची वाटेल, पण नाही.

आपल्या दवाखान्यांत इन्सुलिन हे औषध म्हणून फार कमी वेळा आणि धमकी म्हणून फार जास्त वेळा उच्चारले जाते. ‘पथ्य नीट केले नाहीस तर सुई लावावी लागेल’ हे वाक्य मी माझ्या व्यवसायबंधूंच्या तोंडून, आणि भिंत पातळ असल्यास शेजारच्या खोलीतूनही, असंख्य वेळा ऐकले आहे. आठ दिवस हे वाक्य ऐकलेल्या बाईला नवव्या दिवशी खरोखरच इन्सुलिन सुरू केले की ती ते शिक्षा म्हणूनच घेते. आपण काहीतरी गुन्हा केला, जास्त खाल्ले, म्हणून हे भोगावे लागते आहे, असा तिचा आणि तिच्या सासरचा समज होतो. वस्तुस्थिती अशी की तिच्या वारेने तिच्या स्वादुपिंडावर जो भार टाकला, त्याच्याशी तिच्या सद्‌गुणांचा काडीचाही संबंध नसतो.

काही वर्षांपूर्वी आमच्याकडे तालुक्याच्या गावाहून एक बाई येत असे. एका मोठ्या रुग्णालयाने तिला इन्सुलिनचे पेन, सुयांचा डबा आणि छापील सूचना देऊन घरी पाठवले होते. सूचनांत ‘थंड जागी ठेवावे’ असे लिहिले होते. घरात फ्रिज होता, पण तो पुढच्या खोलीत, येणाऱ्या-जाणाऱ्याने पाणी घ्यायचा. तिथे पेन ठेवले तर गावाला कळले असते. म्हणून तिने एक लहान मडके आणून त्यावर ओले फडके गुंडाळले, पेन प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून त्यात ठेवले आणि ते मडके ओट्याखाली तांदळाच्या डब्याआड लपवले. सुई ती न्हाणीघरात कडी लावून टोचत असे. पाहुणे असले की न्हाणीघर मोकळे मिळत नसे, त्या दिवशी डोस चुके. वहीत साखरेचे आकडे बघून मला उलगडा होईना, कारण सोमवारी १०८ असलेली जेवणानंतरची साखर रविवारी १९० होती. शेवटी ‘रविवारी पाहुणे असतात’ हे तिने मान खाली घालून सांगितले. वापरात असलेले पेन घरातल्या सावलीच्या, तीस अंशांखालच्या जागी साधारण चार आठवडे सहज टिकते, त्याला मडके लागत नाही, हे तिला कोणीही सांगितलेले नव्हते. तिचे मडके मात्र उत्तम चालत होते, हेही नोंदवले पाहिजे. उन्हाळ्यात आणि वीज नसलेल्या घरात आम्ही आजही तोच सल्ला देतो.

ही तक्रार लांबली याचे कारण असे की, गोळीकडे आपण दया म्हणून पाहू लागलो ते सुईची अशी दहशत निर्माण केल्यामुळे. दया म्हणून दिलेल्या औषधाची मग फारशी चौकशीही होत नाही. अमेरिकेत हे फार मोठ्या प्रमाणावर घडले, आणि ती गोष्ट माझ्या विशेष आवडीची असल्यामुळे अध्यक्षांनी घड्याळाकडे थोडे दुर्लक्ष करावे.

सल्फोनिलयुरिया गटातल्या गोळ्या स्वादुपिंडाला डिवचून इन्सुलिन बाहेर काढायला लावतात. यातल्या जुन्या गोळ्या, उदाहरणार्थ क्लोरप्रोपामाइड, वार ओलांडतात आणि त्या घेणाऱ्या आईच्या नवजात बाळाची साखर दिवसचे दिवस खाली राहू शकते, हे १९६० च्या दशकातच लक्षात आले होते. त्यामुळे ‘गरोदरपणात गोळी नाही’ हा नियम कित्येक वर्षे डॉक्टरांच्या अंगवळणी पडला होता. १९९० च्या सुमारास ग्लायबेनक्लामाइड या त्याच गटातल्या नंतरच्या गोळीवर प्रयोगशाळेत प्रयोग झाले. प्रसूतीनंतरच्या वारेतून औषधी द्रव फिरवून पाहिला, तर ही गोळी पलीकडे जवळजवळ जात नाही असे दिसले. मग २००० साली टेक्सासमधील ऑडेड लँगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ४०४ स्त्रियांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. निम्म्यांना इन्सुलिन, निम्म्यांना ही गोळी. आयांची साखर दोन्हीकडे सारखी, मोठ्या बाळांचे प्रमाण १२ आणि १३ टक्के, गोळीवाल्यांपैकी फक्त ४ टक्क्यांना पुढे इन्सुलिन लागले, आणि ज्या वाक्याने सर्वांना निश्चिंत केले ते असे की, एकाही बाळाच्या नाळेतल्या रक्तात औषध सापडले नाही.

तुम्ही डॉक्टर असता तर काय केले असते? तेच, जे अमेरिकेतल्या डॉक्टरांनी केले. खासगी विमा असलेल्या आणि औषध घेणाऱ्या अशा स्त्रियांमध्ये ग्लायबेनक्लामाइडचा वाटा २००० साली सुमारे ७ टक्के होता, तो २०११ पर्यंत सुमारे ६५ टक्के झाला. बाईला टोचून घ्यावे लागत नाही, परिचारिकेला शिकवावे लागत नाही, डॉक्टरला समजावत बसावे लागत नाही. तिघेही खूष असतील तर चौथ्याला कोण विचारतो, आणि चौथा तर पोटात.

यात गोम अशी होती की, नाळेच्या रक्तात औषध ‘सापडले नाही’ याचा अर्थ त्या यंत्राच्या नजरेच्या टप्प्यात ते आले नाही, एवढाच होता. ठरावीक पातळीखालचे प्रमाण त्या पद्धतीला मोजताच येत नव्हते. २००९ मध्ये अधिक संवेदनशील पद्धतीने तेच मोजले गेले, तेव्हा नाळेतल्या रक्तातले औषध आईच्या रक्तातल्या औषधाच्या सरासरी ७० टक्के निघाले. आता पेडरसनची साखळी आठवा. बाळाच्या शरीरात इन्सुलिन वाढू नये म्हणून हा सगळा उपचार, आणि त्यासाठी दिलेली गोळी बाळापर्यंत पोहोचून त्याच्याच स्वादुपिंडाला इन्सुलिन काढायला लावणारी. आईची साखर वहीत सुंदर दिसत असताना बाळाच्या बाबतीत आपण उलट्या दिशेने चाललो असण्याची शक्यता होती. २०१५ मध्ये सर्व अभ्यास एकत्र करून पाहिले गेले, तेव्हा ही गोळी इन्सुलिन आणि मेटफॉर्मिन या दोहोंपेक्षा कमी प्रतीची ठरली. बाळांचे वजन जास्त आणि जन्मानंतर साखर खाली जाण्याचे प्रमाणही जास्त. २०१८ मध्ये फ्रान्समधल्या नऊशेहून अधिक स्त्रियांच्या अभ्यासात बाळांची साखर खाली जाण्याचे प्रमाण गोळीने १२ टक्के आणि इन्सुलिनने ७ टक्के आढळले. आरंभी ‘एक देऊ नये’ म्हटले ती हीच.

त्या पहिल्या संशोधकांना मी दोष देत नाही. त्यांनी जे मोजता येत होते ते मोजले आणि प्रामाणिकपणे लिहिले. पण पुढची दहा वर्षे ज्यांनी ते वाक्य प्रत्येक परिषदेत उगाळले, त्यांच्यापैकी एकाने तरी ‘किती बारीक मोजले?’ असे विचारायला हवे होते.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे. ‘दहा मिनिटे’, आणि खाली दोन रेघा मारलेल्या आहेत. तेव्हा मेटफॉर्मिन, म्हणजे आजचा खरा विषय, आता घाईने.

मेटफॉर्मिन स्वादुपिंडाला डिवचत नाही. ते मुख्यतः यकृतातून रक्तात उतरणारी साखर कमी करते. केपटाउनच्या कोएत्झी आणि जॅक्सन यांनी १९७० च्या दशकापासून गरोदर स्त्रियांना ते दिले होते, पण जगाने लक्ष दिले ते २००८ मध्ये, न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियातल्या ७५१ स्त्रियांचा अभ्यास जॅनेट रोवन यांनी प्रसिद्ध केल्यावर. बाळांमधल्या गुंतागुंतीचे एकत्रित प्रमाण मेटफॉर्मिन आणि इन्सुलिन या दोन्ही गटांत ३२ टक्के, म्हणजे सारखे. मेटफॉर्मिन गटातल्या ४६ टक्के स्त्रियांना पुढे इन्सुलिनची जोड द्यावी लागली, हे गोळीच्या भक्तांनी विसरू नये. पुन्हा गरोदर राहिल्यास हाच उपचार घ्याल का, असे विचारल्यावर मेटफॉर्मिनवाल्यांपैकी ७७ टक्के ‘हो’ म्हणाल्या आणि इन्सुलिनवाल्यांपैकी २७ टक्के; हे सुईच्या भक्तांनी विसरू नये. आपल्या केंद्र सरकारच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार दोन आठवडे आहार पाळूनही जेवणानंतर दोन तासांची साखर १२० च्या आत येत नसेल, तर विसाव्या आठवड्यानंतर मेटफॉर्मिन देता येते. ५०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा अशी सुरुवात करून जास्तीत जास्त २ ग्रॅमपर्यंत. विसाव्या आठवड्याआधी औषध लागले तर इन्सुलिनच. ब्रिटनच्या सूचना गोळीला पुढे ठेवतात, अमेरिकन मधुमेह संघटना इन्सुलिनला. दोघांपुढे पुरावा तोच आहे. नाळेपलीकडच्या अनिश्चिततेला किती वजन द्यायचे, यावर दोघांचे जमत नाही.

कारण मेटफॉर्मिनही वार ओलांडते, आणि चांगले ओलांडते. बाळाच्या रक्तात ते आईच्या रक्ताइतके, कधी त्याहून जास्तही असते. यावेळी निदान हे आपल्याला आधीपासून माहीत आहे. ही बाळे जन्मतः सरासरी शंभरेक ग्रॅमने हलकी असतात. आधीपासून टाइप २ मधुमेह असलेल्या स्त्रियांना इन्सुलिनच्या जोडीने मेटफॉर्मिन दिल्याचा कॅनडातला अभ्यास २०२० मध्ये आला. त्यात अवाजवी मोठी बाळे कमी झाली, पण अवाजवी लहान बाळांचे प्रमाण ७ ऐवजी १३ टक्के झाले. रोवन यांच्या अभ्यासातली मुले दोन वर्षांची असताना मोजली, तेव्हा मेटफॉर्मिन गटातल्या मुलांच्या पाठीवर, खांद्याच्या फऱ्याखाली, चिमटीत येणारी चरबी जास्त होती. नऊ वर्षांच्या वयात त्यांतली न्यूझीलंडमधल्या ऑकलंडची मुले इन्सुलिन गटातल्या मुलांहून आकाराने मोठी निघाली, ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडची सात वर्षांची मुले मात्र नाही.

आता माझे म्हणणे. खांद्याच्या फऱ्याखालची हीच चिमूट घेऊन पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने पुण्याजवळच्या खेड्यांतली नवजात बाळे मोजली होती. इंग्लंडमधल्या साउदम्प्टनच्या बाळांचे सरासरी वजन ३.५ किलो, आपल्या बाळांचे २.७ किलो, सगळीकडून लहान, पण पाठीवरची चरबी मात्र सर्वांत कमी घटलेली. दिसायला बारीक आणि आतून चरबीदार, अशी आपली बाळे जन्मालाच येतात. न्यूझीलंडच्या थोराड आईच्या बाळाचे शंभर ग्रॅम कमी झाले तर ते कदाचित इष्टच. आपल्याकडच्या पन्नास किलोच्या आईच्या, आधीच अडीच किलोकडे झुकलेल्या बाळाचे तेवढेच ग्रॅम कमी झाले, तर त्याला यश म्हणायचे का, हे ऑकलंडच्या आकड्यांवरून ठरवता येणार नाही.

दुसरा मुद्दा ब-१२ जीवनसत्त्वाचा. पुण्याच्या त्याच अभ्यासात सुमारे दोन तृतीयांश गर्भवतींमध्ये ब-१२ कमी होते, फॉलेटची, म्हणजे फॉलिक ॲसिड या जीवनसत्त्वाची, कमतरता मात्र जवळजवळ कोणातच नव्हती. ज्यांच्यात ब-१२ कमी आणि फॉलेट जास्त होते, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्सुलिनला प्रतिरोध, म्हणजे शरीराने इन्सुलिनला पुरेशी दाद न देणे, सर्वांत अधिक आढळला. मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेतल्यास ब-१२ चे शोषण घटते, हे मधुमेहाच्या कोणत्याही डॉक्टरला ठाऊक असते. चार-साडेचार महिन्यांत ते किती घटेल यावर वाद घालता येईल. पण तळाशी गेलेल्या टाकीचा नळ आणखी थोडा उघडायचा असेल, तर आधी पाण्याची पातळी पाहावी, एवढेच मी म्हणतो. शाकाहारी आणि फॉलिक ॲसिड घेत असलेल्या गर्भवतीला मेटफॉर्मिन लिहिताना ब-१२ तपासणे किंवा सरळ जोडीला देणे, याला खर्च फार येत नाही. तरीही चिठ्ठीवर ते क्वचितच दिसते.

म्हणून मी असे करतो. उपाशीपोटीची साखर फार वाढलेली असेल, सोनोग्राफीत बाळाची वाढ मागे पडत असेल किंवा रक्तदाब वाढू लागला असेल, तर मेटफॉर्मिन देत नाही. इतर बाईला दोन्ही पर्याय समोर ठेवून सांगतो की ही सुई बाळापर्यंत पोहोचत नाही, ही गोळी पोहोचते, गोळीने आजवर बाळांमध्ये व्यंग वाढलेले दिसलेले नाही, पण मूल मोठे झाल्यावरचा हिशेब अजून अपुरा आहे. आणि गोळी घेतलीस तरी पुढे सुई लागू शकते. पहिल्या आठवड्यात मळमळ आणि जुलाब होतील, जेवणाच्या मध्यावर गोळी घे, असेही सांगतो. मडकेवाल्या बाईसारखी, सुई घेणे घरातच अशक्य झालेली बाई असेल, तर चुकणाऱ्या इन्सुलिनपेक्षा न चुकणारे मेटफॉर्मिन बरे, यात मला शंका नाही. नेदरलँड्समध्ये मेटफॉर्मिन, आणि ते पुरले नाही तर वर ग्लायबेनक्लामाइड, अशी गोळ्यांचीच चढती पायरी ८२० स्त्रियांच्या अभ्यासात तपासली गेली. २०२५ मध्ये निष्कर्ष आले. गोळ्या घेणाऱ्यांपैकी चार-पंचमांश स्त्रियांना इन्सुलिन लागलेच नाही, पण मोठ्या बाळांचे प्रमाण जवळपास २४ टक्के निघाले आणि इन्सुलिन गटात २० टक्के, म्हणजे गोळ्या इन्सुलिनच्या तोडीच्या आहेत हे सिद्ध झाले नाही. तेव्हा मेटफॉर्मिन पुरले नाही की पुढची पायरी इन्सुलिन.

दुसरी चिठ्ठी आली आहे, पण ही श्रोत्यांकडून आलेली दिसते. ‘प्रसूतीनंतर गोळी चालू ठेवावी का आणि अंगावर पाजणाऱ्या आईला ती चालते का?’ उत्तर देऊन खाली बसतो. दुधात मेटफॉर्मिन अगदी अल्प उतरते आणि पाजणाऱ्या आईला ते चालते. पण गरोदरपणातच उद्‌भवलेला मधुमेह वार पडल्यावर बहुधा ओसरतो, म्हणून औषध प्रसूतीनंतर थांबवून साखर पाहतात. आधीपासूनच मधुमेह असलेल्यांची गोष्ट वेगळी, त्यांचे औषध त्यांच्या डॉक्टरांनी ठरवावे. सहा आठवड्यांनी ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन चाचणी करायची असते, आणि ती बहुतेक घरांत राहून जाते, कारण तोवर सगळ्यांचे लक्ष बाळाकडे वळलेले असते. बाळाला दीड महिन्याचा डोस द्यायला आणतात, त्याच दिवशी आईला उपाशीपोटी सोबत आणा. बाळाला आजीकडे द्या, आईला ग्लुकोज द्या आणि दोन तास बसवून ठेवा.